देवीच्या साड्यांचा पडदा

लोक पडद्याला हात पुसतात. लग्न कितीही थाटाचं असो, हॉल कितीही थंडगार असो, जेवण आटपलेला माणूस नळापाशी गर्दी बघतो, इकडेतिकडे मान वळवतो आणि जवळ लोंबत असेल त्या कापडात बोटं खुपसतो. फाटका माणूस पुसतो तसा गळ्यात सोन्याची साखळी घातलेलाही पुसतो. बायका स्वतःच्या पदराला जपतात आणि पोराचं नाक भाड्याच्या सॅटिनला पुसतात. भागोजी धनावडेला धंद्यातलं हे पहिलं शहाणपण पडदे धुताना आलं.

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या आतल्या अंगाला त्याचं छोटंसं गोदाम होतं. बांबू, पाइप, गाद्या, खुर्च्यांचे पांढरे अंगरखे आणि स्टेजमागे लावायच्या कापडाचे गठ्ठे. बाकीचे मंडपवाले कापड तसंच घडी करून ठेवायचे आणि पुढच्या लग्नाला डाग आतल्या चुणीत दडवून लावायचे. भागोजीला ते जमलं नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर सगळं कापड तो घरी न्यायचा आणि घरामागच्या टाकीत तो नि त्याची बायको हौसा मिळून ते धुवायचे. मटणाचा रस्सा, केकवरची साय, पानाची पिंक, हळद, मेंदी, आणि काय आहे ते न ओळखलेलं बरं असं बरंच काही. कुठल्या घरचं लग्न कसं झालं हे भागोजी अहेराच्या पाकिटांवरून सांगत नसे, पाण्याच्या रंगावरून सांगायचा.

याचा परिणाम असा झाला, की कार्याच्या ठिकाणी त्याच्या घशाखाली घास उतरेना. जेवायचा आग्रह झाला की तो गाडीत ठेवलेला डबा दाखवायचा. त्यावरून धंद्यातल्या लोकांनी त्याचं नाव 'सोवळं' पाडलं होतं.

"काय सोवळं, आज पण भाकरी आणि सुकट?"

"तुमच्या पंगतीतल्या बासुंदीपेक्षा माझं सुकट चोखट," भागोजी म्हणायचा आणि गाडीच्या पायरीवर बसून जेवायचा.

कापडाची ओळख मात्र त्याला धंद्यात झालेली नव्हती. ती घरातून आली होती. देवरूखच्या रस्त्याला मध्येच आत वळलं की त्याचं गाव. तिथे शिमग्याला गावदेवीची पालखी निघते. पालखीत देवीची चांदीची रूपं बसवायचा मान गुरवाचा, पहिला खांदा द्यायचा मान गावच्या अध्यक्षाचा, आणि पालखीला साड्या नेसवून ती सजवायचा मान धनावड्यांच्या घराचा. वर्षभर बायका देवीची ओटी भरतात. त्या ओटीतल्या साड्या देवळातल्या लाकडी पेटीत राहतात. शिमग्याआधी धनावड्यांनी पेटी उघडायची, त्यातल्या साड्या निवडायच्या आणि चुण्या घालून पालखीच्या अंगाखांद्यावर चढवायच्या. कुठली साडी कुठे, हे तेच ठरवणार. त्यात कुणी तोंड घालायचं नाही. उरलेल्या साड्या गावच्या माहेरवाशिणींना प्रसाद म्हणून द्यायच्या, अशी रीत.

भागोजीच्या वडिलांनी त्याला एकच नियम शिकवला होता. देवीच्या कापडाला लोखंड टोचायचं नाही. टाचणी नाही, सुई नाही, खिळा नाही. साडी जिथे बांधायची तिथे आतून एक सुपारी धरायची, कापड तिच्यावर गोळा करायचं आणि सुपारीच्या मानेशी सुंभाचा फास आवळायचा. कितीही हिसका बसला तरी साडी सुटत नाही, आणि गाठ सोडल्यावर कापडाला भोक राहत नाही. पालखी नाचवताना माणसं घामाने निथळतात, दांडा वरखाली होतो, पण धनावड्यांनी नेसवलेली साडी ढळलेली गावाने पाहिली नव्हती.

धंद्यात मात्र भागोजी बंदूक वापरायचा. टाचण्या ठोकायची लोखंडी बंदूक, खटाखट चालते. लोकांच्या सॅटिनला त्याने हजारो भोकं पाडली असतील, त्याबद्दल त्याला काही वाटत नसे. ते कापड माणसांचं होतं. त्याच्या लेखी स्वच्छ कापड जगात एकाच पेटीत होतं. घाण वेगळी आणि ती पेटी वेगळी, या एका गोष्टीवर त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं होतं म्हणा ना.

त्या पेटीवर दीपकशेठची नजर गेली ती माघात.

दीपकशेठ म्हणजे गावच्या देवस्थान समितीचा अध्यक्ष. गावाबाहेरच्या सड्यावर त्याची चिरेखाण होती. जांभ्याची लाल धूळ त्याच्या पांढऱ्या गाडीवर कायम असायची आणि सगळ्या गावाच्या आंब्याच्या मोहरावरही. देवळाला नवीन सभामंडप झाला होता. त्याला देणगी देणारे, गावचेच पण जन्म मुंबईत काढलेले एक बिल्डर, उद्घाटनाला यायचे होते. दीपकशेठने फोन करून भागोजीला देवळात बोलावलं.

भागोजी पोचला तेव्हा सभामंडपात दीपकशेठ, दादू गुरव आणि काळ्या टी-शर्टातला एक तरुण उभे होते. तो ऋत्विक. मुंबईतून मुद्दाम आणलेला इव्हेंटवाला, बिल्डरच्या ओळखीचा.

"काका, स्टेजच्या मागे मला फ्लेक्स नकोय," ऋत्विक मोबाइल पुढे करत म्हणाला. "हे बघा. पूर्ण वॉल साड्यांची. पिवळ्यापासून सुरू करायचं, मग केशरी, लाल, आणि कडेला हिरव्या. वरून कमानी, खाली सरळ चुण्या. फोटोत एकदम भारी दिसतं."

भागोजीने फोटो पाहिला. काम नीट होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. "होईल. साड्या भाड्याने आणाव्या लागतील. रंग सांगा, मी बघतो."

"भाड्याने कशाला?" दीपकशेठ हसला आणि गाभाऱ्याच्या बाजूला हनुवटी उडवली. "पेटी भरलेली हाय ना."

भागोजीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"देवीच्या साड्या?"

"मग? देवीचं देऊळ, देवीचा सभामंडप, देवीचाच कार्यक्रम. बाहेरच्या साड्या आणून कुणाकुणाच्या नेसलेल्या लावायच्या त्यापेक्षा ह्या कोऱ्या बऱ्या. तुलाच तर सोवळं लागतं!" तो ऋत्विककडे वळून म्हणाला, "ह्याला धंद्यात सोवळं म्हणतात."

"दीपकशेठ, त्या ओटीच्या आहेत. बायकांनी नवसाने घातलेल्या. त्या एकतर देवीच्या अंगावर जातात नाहीतर माहेरवाशिणीच्या. तुमच्या खुर्च्यांमागे नाही."

"देवीला विचारलंय. काय वो दादूकाका?"

दादू गुरव म्हातारा होता. त्याने देवळाच्या खांबाकडे बघत मान हलवली. "कौल लावला होता. उजवा पडला."

"काय विचारलंत?"

"कार्य निर्विघ्न पार पडू दे, असं."

"आणि साड्यांचं?"

दादूने धोतराचा सोगा वर करून उगाच कमरेला खोचला. सभामंडपाची फरशी नवीन होती आणि दादूच्या दोन्ही मुलांना तिथे दिवाबत्तीचं काम लागणार होतं, हे गावाला माहीत होतं. म्हातारा लाजत होता एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"ह्याला कौल म्हणायचं?" भागोजी म्हणाला.

आता दीपकशेठचं हसू आटलं. "भागोजी, करायचं नसेल तर सांग. ऋत्विकची माणसं आहेत, ती करतील. आणि एक सांगतो. साड्या लावायचा मान धनावड्यांचा. आता तू म्हणणार लावत नाही, म्हणजे मान तूच सोडलास. शिमग्याआधी बैठक हाय. तुझा चुलतभाऊ संदेश कधीपासून विचारतोय, आमच्या वाटणीला मान कधी येणार म्हणून."

भागोजीने ऋत्विककडे पाहिलं. "तुमची माणसं कशी लावतात?"

"गनने, काका. फास्ट होतं."

लोखंडी बंदुकीच्या टाचण्या देवीच्या साड्यांमध्ये घुसताना भागोजीला डोळ्यांपुढे दिसल्या. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. तो सभामंडपाच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला आणि थुंकी गिळून परत आला.

"मी करतो," तो म्हणाला. "टाचणी लागणार नाही. कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी एकूण एक साडी मी उतरवणार आणि पेटीत मी ठेवणार."

"कर की बाबा. तुलाच तर मान दिलाय," दीपकशेठ म्हणाला आणि त्याने भागोजीच्या पाठीवर थाप मारली. भागोजीने घरी जाऊन तो सदरा धुवायला टाकला.

हौसा रागावली ती साड्यांवरून नाही, त्याने हो म्हटलं म्हणून.

"अवो, नाय म्हनायचं होतं. जाऊ दे गेला मान तर. संदेशला काय करायचं ते करू दे."

"संदेश पालखीला पण टाचण्या मारील. त्याने परवा गणपतीचं मखर थर्माकोलला गोंदाने डकवलंन."

"आन् तुमी काय करनार? त्याच साड्या त्या बाबांच्या पाठीमागं बांधनार. टाचनी नाय लावली म्हनून काय सोवळं ऱ्हायलं?"

भागोजी पाटावर बसून आराखडा काढत होता. धंद्यात तो नेहमी आधी कागदावर चौकट काढायचा, मग कापड. पण या वेळी पेन्सिल पुढे जाईना. देवळापुढच्या मोकळ्या सहाणेकडून, जिथे शिमग्यात पालखी टेकते, वारा येणार. सभामंडपाला तीनच बाजूंनी भिंती, त्यामुळे मागचं कापड शिडासारखं फुगणार. सॅटिन असतं तर त्याने पाठीमागे जाळी ठोकून त्यावर टाचलं असतं. इथे लोखंडी पाइपवर देवीची साडी टेकवायचीही त्याची तयारी नव्हती. म्हणून आधी बांबूचा सांगाडा, त्यावर कोरं मांजरपाट, आणि त्याच्यापुढे सुंभाच्या आडव्या दोऱ्या. साडी दोरीला सुपारीच्या गाठीने बांधायची. वरच्या कमानींना प्रत्येक टोकाला एक गाठ, चुण्यांना वर एक आणि खाली एक. काठ जड असतात, ते खाली सोडायचे म्हणजे वाऱ्याला दाबून धरतील.

"सुपाऱ्या लागतील," तो म्हणाला.

"घरात भाटातल्या हायत की पोतंभर," हौसा म्हणाली. "बापाने पालखीसाठी लावलेल्या पोफळी. त्या बाबांसाठी फोडा आता."

"फोडायच्या नाहीत. अख्ख्या लागतात."

"मग नशीब त्येंचं," हौसा म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर गाडीत येऊन बसली होती. सुपाऱ्यांची पिशवी तिच्या मांडीवर होती.

पेटी उघडली तेव्हा कापूर, जुनं लाकूड आणि कोऱ्या खळीचा वास आला. हौसाने एकेक साडी दोन्ही हातांवर घेऊन कपाळाला लावली आणि मगच त्याच्याकडे दिली. कितीतरी तिच्या ओळखीच्या होत्या. "ही चिमाच्या सुनेची, पोर झालं तेव्हाची. ही गुणवंतीने घातली, नवरा बोटीवरून परत आला म्हनून. ती पूर्णगडला दिलेली, पन ओटी भरायला इथंच येते." एक फिकट लिंबू रंगाची होती, हिरव्या काठाची. ती तिने जरा जास्त वेळ हातात धरली.

"ही कुणाची?"

"तुमच्या आईची. शेवटली."

भागोजीने ती पायऱ्यांच्या बाजूला, स्टेजच्या टोकाला, जिथे माणसांची पाठ लागणार नाही अशा जागी लावायची ठरवली.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. गावातली दोघं बाप्ये माणसं शिडी धरायला होती. ऋत्विक मध्ये मध्ये येऊन डोळे बारीक करून बघायचा. एकदा म्हणाला, "काका, डावीकडे झोळ पडतोय."

झोळ पडत होता हे खरं. टाचणी मारली असती तर कापड ताठ बसलं असतं, गाठीने बसत नव्हतं. भागोजीने दोनदा सोडून बांधलं, तरी पूर्ण जाईना.

"एक टाचणी, काका. मागच्या बाजूला. कुणाला दिसणार पण नाही."

"मला दिसेल."

ऋत्विकने खांदे उडवले. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला पुढच्या आठवड्यात दापोलीत आणखी एक काम होतं, आणि त्याच्या मनाने तो कधीच तिथे पोचला होता.

सगळं झाल्यावर दीपकशेठ आला. त्याच्या माणसांनी गुंडाळी केलेला फ्लेक्स आणला होता. त्यावर बिल्डरचा चेहरा, त्याखाली दीपकशेठचा चेहरा, आणि सगळ्यात खाली, पासपोर्टच्या फोटोएवढी, देवी.

"फ्लेक्स नको म्हणालात ना?" भागोजी ऋत्विकला म्हणाला.

"मी नको म्हणालो होतो," ऋत्विक म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघू लागला.

"मध्ये टाकायचा, साड्यांवर. चारी कोपऱ्यांना खिळा मारा," दीपकशेठ म्हणाला.

भागोजी शिडी आडवी करून स्टेजपुढे उभा राहिला. त्याने शिडी तेवढी धरून ठेवली. हौसा खाली चुण्या सारख्या करत बसली होती, तीही उठून त्याच्या बाजूला उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "दीपकभावजी, तुमच्या आईने घातलेली साडी पन हाय हितं. डाळिंबी. तिच्यावर खिळा कुठला मारायचा ता तुमीच दाखवा."

लोक बघत होते. दीपकशेठने फ्लेक्स बाहेर कमानीवर लावायला सांगितला. "बाईच्या जातीशी कोण तोंड लावणार," असं तो दोघातिघांना ऐकू जाईल इतपत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बिल्डर उशिरा आला. ताशे वाजले, नारळ फुटला, फीत कापली. पाहुण्यांना परत निघायची घाई, म्हणून भाषणाआधीच जेवण उरकायचं ठरलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची पिवळी धमक भाजी. सभामंडपात टेबलं मांडली होती. भागोजी स्टेजच्या कडेला, पडद्याच्या टोकाशी उभा होता. जेवला नव्हता. तो वाऱ्यावर नजर ठेवून होता. डावीकडचा झोळ हलत होता, पण एकही गाठ सुटली नव्हती. साड्यांवर सकाळचं ऊन पडलं तेव्हा क्षणभर त्याला स्वतःचं काम आवडलं होतं, आणि आवडलं याचीच नंतर चीड आली होती.

माइकवरून पुकारा झाला. "अध्यक्षांनी कृपया मंचावर यावं, पाहुणे आलेले आहेत." दीपकशेठ अर्ध्या पानावरून उठला. नळापाशी रांग होती. तो तोंडातला घास चावत स्टेजच्या पायऱ्या चढला. चालता चालता त्याने उजवा हात बाजूला नेला, तिथे लोंबणारी साडी मुठीत धरली, बोटं पुसली, मग पसरलेला तळवा कापडावर दाबून पुसला, आणि तोच हात पुढे करून बिल्डरला हस्तांदोलन केलं. बघितलंसुद्धा नाही. माणूस आपल्या घरच्या पायपुसण्याकडे बघत नाही तसा.

ती लिंबू रंगाची साडी होती.

भागोजीला राग आला नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. राग आला असता तर त्याने शिवी हासडली असती, कॉलर धरली असती. त्याऐवजी तो त्या साडीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या खरकट्यात हात घालून जगला, ते एका गोष्टीच्या भरवशावर. ती पेटी स्वच्छ होती. आणि ती पेटी उघडून, कपाळाला लावून, गाठी मारून, नेमकी त्या हाताच्या उंचीवर त्यानेच आणून ठेवली होती. त्याने स्टेजवरच्या सगळ्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. कुणाच्या ओठावर उसळीचं काळं, कुणाच्या मिशीला ताक. त्याला त्या सगळ्यांची शिसारी आली आणि त्यांच्यात स्वतःलाही त्याने धरलं.

"टाचनी नाय लागली तेवढी," घरी परतताना हौसा इतकंच म्हणाली.

साड्या उतरवून बाकीच्या त्याने पेटीत ठेवल्या. लिंबू रंगाची घरी आणली. टाकीवर साबण लावताच हळदीचा डाग लाल झाला. हळदीवर साबण पडला की होतं तसं. पाचही बोटं रक्तासारखी उठली, तळव्याच्या कडेसकट.

"उन्हात टाका," हौसा म्हणाली. "हळदीचा डाग उन्हानं जातो. दोन दुपारीत साफ होईल."

भागोजीला हे तिने सांगायची गरज नव्हती. हळद उन्हाला उडते हे त्याच्याइतकं रत्नागिरीत कुणाला माहीत नसेल. त्याने साडी पुन्हा पुन्हा खंगाळली, तेलाचा अंश राहू दिला नाही, वास घेऊन पाहिला. खंगाळून पिवळा पडत चाललेला डाग धुण्याच्या सोड्याने पुन्हा लाल केला. मग ती पडवीच्या आत, जिथे ऊन पोचत नाही अशा दोरीवर सुकवली.

"काय करताव ह्ये?" हौसाने विचारलं.

"सावलीत रंग टिकतो."

"देवीला नेसवनार हा हात?"

"देवीला नाही," भागोजी म्हणाला.

शिमग्याआधीच्या बैठकीत मानाचा विषय निघाला नाही. धनावड्यांनी सांगितलेलं ऐकलं, मग कशाला निघेल? संदेश तोंड पाडून बसला होता. दीपकशेठने भागोजीकडे पाहून डोळा मिचकावला, जणू दोघांनी मिळून काही केलं होतं. भागोजीने सुपारीची पिशवी उघडून बसल्या बसल्या सुपाऱ्या निवडायला घेतल्या.

पालखीच्या दिवशी त्याने अंघोळ करून, उपाशीपोटी, देवीला साड्या नेसवल्या. डाळिंबी पुढे, गुणवंतीची हिरवी कडेला, चिमाच्या सुनेची वर छत्रासारखी. सगळ्या चोख. शेवटी त्याने दांड्याची टोकं घेतली. दांडा खांद्याला रुतू नये म्हणून तिथे कापडाची घडी गुंडाळतात. पुढच्या उजव्या टोकाला, जिथे पहिला खांदा लागतो, तिथे त्याने लिंबू रंगाची साडी गुंडाळली. वेढे मोजूनमापून घातले, आणि सुपारीची गाठ आवळली तेव्हा पाच लाल बोटं वर, मानेच्या अंगाला आली होती.

हौसाने ते पाहिलं. ती हात जोडून पुटपुटली, "आई, ह्येंना समजव," आणि बाजूला झाली. आईची साडी खांद्याखाली जाणार याचं वाईट त्यालाही वाटत होतं. पण त्याने गाठ सोडली नाही.

दादू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ढोल धरले गेले. दीपकशेठ नवा सदरा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून पुढे आला. त्याने नमस्कार केला, दांड्याला हात घातला आणि त्याची नजर त्या कापडावर गेली.

"हे काय लावलंस? डाग पडलाय."

"हो."

"बदल."

"कुठली साडी कुठे, हे धनावडे ठरवतात, शेठ." भागोजी त्याच्या अगदी जवळ उभा होता, ढोलांच्या आवाजात दोघांनाच ऐकू येईल असा. "हात ठेवून बघा. जुळतो का."

दीपकशेठचा उजवा हात आपोआप उचलला गेला. डागावर पोचायच्या आधीच तो थांबला आणि चटकन मागे आला. त्याला आठवलं की नाही, सांगता येत नाही. पण हात ओळखला त्याने. त्याची मान कानापर्यंत लाल झाली.

"पुढच्या बैठकीत बघतो तुला."

"बघा. मी साडी घेऊन येतो. सगळ्यांसमोर बोटं लावून बघू, कुणाची जुळतात."

ढोलांचा ठेका चढला. मागचे गडी वाकून तयार होते, सगळं गाव पहिल्या खांद्यासाठी खोळंबलं होतं. दीपकशेठने इकडेतिकडे पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल मानेपर्यंत ओढून घेतला, त्याची चौपदरी घडी दांड्याखाली सरकवली आणि तो खाली वाकला.

भागोजीने हात पुढे केला आणि टॉवेल ओढून काढला.

"देवीच्या कापडाच्या नि खांद्याच्या मध्ये काही ठेवत नाहीत, शेठ," या वेळी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि जुनीजाणती माणसं "बरोबर, बरोबर" म्हणाली.

पालखी उठली. दीपकशेठचा गाल आणि मान त्या पाच बोटांवर टेकली, आणि पहिल्या हिसक्यालाच घामाने कापड कातडीला चिकटलं. तो मान वाकडी करून ती दूर ठेवायला बघत होता, पण पालखीखाली मान वाकडी ठेवता येत नाही.

भागोजीच्या हातात टॉवेल राहिला होता. त्याला अत्तराचा आणि तंबाखूचा वास येत होता. त्याने तो दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरला, सहाणेच्या कठड्यावर टाकला आणि हात धुवायला विहिरीकडे गेला.